चाचा हलले नाहीत

आज मी पुरता श्वास घेतो तो पिंजारी चाचांमुळे, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून.

चाचांना बसलेलं फारसं कुणी पाहिलंच नाही. घुग्घुसला त्यांच्या कापूस पिंजायच्या दुकानामागच्या खोलीत मी राहायचो. ते चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. काम नसलं तर बोटं दाढीतले कापसाचे तंतू वेचायची. "बसल्या माणसाले लोखंडावानी जंग लागते," म्हणायचे. चाची म्हणायच्या, "नमाज सोडला तर हा आदमी थांबत नाई."

सातवीत शाळा सोडून मी एटापल्लीकडून सिमेंटच्या गोण्या उचलायला आलो होतो. आधी ताप, मग कुशीत कळ, मग दोन पावलांत दम. घरी कळवायची हिंमत होईना. चाचांनीच मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढून पाहिला. "फुप्फुसाभोवती पाणी साठलंय. उद्या सुईनं काढू."

चाचांनी लगेच माझा पाण्याचा तांब्या उचलून नेला. "अंदर पाणी भरून राह्यलं, अन् तू वरून आणखी पिऊन राह्यला?" मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझे फुटलेले ओठ पाहिले, तेव्हा चाचांनी मोठ्या अभिमानानं आपला उपाय सांगितला.

"अहो, प्यालेलं पाणी पोटात जातं! हे आजारानं साठलंय, फुप्फुसाच्या बाहेर, आवरणात. आधी पाणी द्या त्याला."

चाचांनी स्वतः माझ्या तोंडाला पेला लावला. "माफ कर बेटा. भिजली गादी वाळत घालाची, एवढंच मले समजते."

सुई पाहिली अन् मी खाटेवरून उतरलो. "मले घरी जाऊ द्या." दारापर्यंतही पोचलो नाही. धाप लागून भिंतीला टेकलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी काढलं नाही तर श्वास आणखी कोंडेल. पुढं वाकून बसायचं. हलायचं नाही."

टेकायला ठेवलेलं टेबल डुगडुगत होतं. चाचांनी ते सरकवलं, स्टूल ओढून स्वतः समोर बसले आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "मी नाई हलत. तूही नको हलू. पाहू कोण हारते."

पाठ बधिर केली. मग बरगड्यांच्या मधून सुई आत गेली. दुखलं थोडं, दाब फार. नळीतून पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागलं. माझं सगळं अंग पळून जायला पाहत होतं, पण गालाखालचा तो खांदा दगडासारखा होता. पाठीवरची त्यांची बोटंही थांबली होती.

शेवटी मला खोकला आला. बाई म्हणाल्या, "चेपलेलं फुप्फुस उघडतंय," आणि सुई काढली.

"आता हलू का, बाई?" चाचांनी विचारलं. नर्ससुद्धा हसली. उठायला गेले तर पायाला मुंग्या. "पाह्य, लागला जंग!"

पाण्याच्या तपासणीत टीबी निघाला. पुढचे कित्येक महिने मी गोळी गिळेपर्यंत चाचा समोर उभे असायचे, अर्थात येरझारा घालत.

पुढं कामासाठी मी आणखी लांब आलो. फोमच्या गाद्या आल्या, दुकान बंद पडलं, चाचा राजुऱ्याला मुलीकडे गेले. परवा फोनवर ती म्हणाली, "अब्बांना दम लागते. दिवसभर खुर्चीत बसून राह्यते." चाचा आणि बसून! तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

चाचा, मी राजुऱ्याला येणार आहे. तुम्हाला टेकायला खांदा लागेल तेव्हा समोर स्टूल घेऊन बसेन. मी नाई हलणार.