शेजारच्या पेशी

महाजनबेन प्रयोगशाळेत आल्या की आधी पेशींची चौकशी करायच्या, मग आमची. "तुन्या पेशी जेवन्यात का?" सुरतेत प्राध्यापिकेला 'बेन' म्हणतात. मी सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतली, खानदेशी घरातली, म्हणून माझ्याशी त्या अहिराणीत सुरुवात करत. थाळीत वाढवलेल्या फुप्फुसाच्या पेशींना दिवसाआड ताजं पोषकद्रव्य लागतं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सारं शहर गच्चीवर असतानाही बेन उंधियूचा डबा घेऊन हजर. म्हणाल्या, "पतंग नंतर. यांना सण नाही."

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी सिगारेटचा धूर पोषकद्रव्यात विरघळवून पेशींवर घालत होते. थाळीतल्या अर्ध्या खळग्यांत धुराचं द्रव्य, अर्ध्यांत तुलनेसाठी स्वच्छ. तोंडी परीक्षा जवळ आली आणि स्वच्छ द्रव्यातल्या पेशीही मरू लागल्या. तुलनाच उरली नाही, प्रबंध बुडणार होता. मैत्रीण फाल्गुनी म्हणाली, "छोड ने यार, आधीची चांगली थाळी दाखव." मी मेलेल्या पेशींची थाळी फेकायला निघाले.

"येडी शेस का तू?" बेननी थाळी काढून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा सरकवत गेल्या. "धुराला लागून आहेत त्या मेल्यात. लांबच्या कोपऱ्यातल्या बऱ्या आहेत. पेशी चुकल्या नाहीत, आपण त्यांना भलत्या शेजारी बसवलं."

"मग आता, बेन?"

"आता पुन्हा. काही स्वच्छ पेशी धुराच्या शेजारी ठेव, काही दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये."

दूर ठेवलेल्या टवटवीत राहिल्या. शेजारच्या पुन्हा मेल्या.

बेन गेल्या महिन्यात हृदयविकारानं गेल्या. शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले. मी त्या परीक्षेबद्दल बोलले.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले होते, "धूर दिलाच नाही त्या पेशी मेल्या कशा? चूकच झाली ना तुमची?" मार्गदर्शकानं मध्ये बोलायचं नसतं. बेन खिडकीबाहेर बघत बसल्या.

"चूक झाली होती, सर. म्हणूनच हे सापडलं." मी दोन्ही थाळ्यांची छायाचित्रं शेजारी शेजारी लावली. "धुरातलं काही उडून शेजारच्या खळग्यांत गेलं. नुसतं जवळ असणं पुरलं."

परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. छायाचित्रं जवळ घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हे छापायला पाठवा."

नंतर ते व्हरांड्यात सिगारेट काढून उभे होते. बेन माझा हात धरून चांगलं दहा हात लांब जाऊन थांबल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "साहेब, प्रश्न छान विचारलात हं."

त्यांनी सिगारेट मुकाट्यानं पाकिटात घातली. बेन मोठ्यानं हसल्या. इतक्या मोकळेपणी हसताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.