चार बोटं कापड

निर्वासितांच्या कॅम्प दोनमधला आमचा सिंधी शिंपी मशीन चालवता चालवता मतं द्यायचा. "सिनेमातला हिरो कसला गरीब, साहेब? त्याच्या कोटाची इस्त्री बघा." तरी दर रविवारी तिकीट काढायचाच. मी पोस्टात पैसे टाकतो म्हटलं की हसायचा. "भरलेली पेटी सिंधमध्ये टाकून आलो मी. उद्याचा विचार आता आपण सोडला."

मला ते बेफिकीर वाटायचं.

त्यानेच शिवलेला मुलीचा फ्रॉक वर्षभरात आखूड झाला, म्हणून नवा शिवून घ्यायला गेलो. त्याने जुनाच मागून घेतला आणि खालची शिवण उसवली. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं. शिवायला टाकताना मी काही तसं सांगितलं नव्हतं.

"नवा कशाला?" तो म्हणाला. "हाच अजून दोन वर्षं जाईल."