काटा खाली आला तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही. दाजींपाशी तर नाहीच — आणि खरं म्हणजे त्यांनाच सांगायला हवं होतं. ते आता गेले. ताई आहे. तिलाही ठाऊक नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाथर्डीकडचे. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि कोरडवाहू रानाच्या भरवशावर राहायला नको म्हणून त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. पाथर्डी ते नगर माणसं न्यायची-आणायची, एवढा धंदा. हात फार सावध. गाडीत चढणारी म्हातारी माणसं म्हणायची, याच्या गाडीत झोप लागते.

मी तेव्हा नगरला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होतो. लग्न व्हायचं होतं. चार इंग्रजी शब्द वाचता येत होते — आणि त्याची घमेंड किती असावी?

त्या दिवसांत पेट्रोल एकदम महागलं. दुकानात एक मीटर आला होता. इंजिन हवा किती जोरानं ओढतंय ते तो दाखवायचा. त्यावरून पेट्रोल जास्त जातंय की हवा, ते कळायचं. गोल तबकडी, हिरवा, पिवळा, लाल पट्टा, आणि एक नाजूक काटा. तो मी दाजींच्या गाडीला बसवायचं ठरवलं. दाजींनी मागितला नव्हता. हे सांगितलं पाहिजे — त्यांनी मागितला नव्हता.

त्यांच्या अंगणात, लिंबाखाली, एका दुपारी मी तो बसवला. समोरच्या पत्र्याला भोक पाडलं. इंजिनातून एक रबरी नळी काढून मीटरला जोडली. इंजिनाकडचं तोंड आवळायला पट्टी लागते. माझ्याजवळची पट्टी मोठी होती, घट्ट बसेना. नगरला जाऊन योग्य मापाची आणता आली असती. पण ताई, तिची सासू, शेजारपाजारचे — सगळे बघत उभे होते. मी तारेचे वेढे दिले आणि बॉनेट लावलं.

दाजींनी विचारलं, "तारंवर भागंल का रं?"

"न भागायला काय झालं?" मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात दाजींच्या आईला डोळे दाखवायला नगरला न्यायचं होतं. मी आदल्या दिवशी ताईकडं आलो होतो, मीही त्याच गाडीनं परतणार होतो. मी पुढं, दाजींच्या शेजारी. म्हातारी मागच्या बाकावर, उघड्या बाजूच्या अगदी कडेला. गुडघे आखडतात म्हणून एक पाय बाहेर सोडून बसली होती. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. माझी नजर सबंध वाटभर त्या काट्यावर. हिरव्यात आला की मी दाजींना दाखवायचो, आणि ते हसून मान हलवायचे.

करंजी घाटात, चढावरच्या एका वळणावर, काटा पडला. थरथरला नाही, हळूहळू उतरला नाही — सरळ पडला. मी तो पाहिला. नळी निघाली आणि उघड्या तोंडातून इंजिनात नुसती हवा शिरतेय, हे मला त्याच क्षणी कळलं. दाजींनी खालचा गिअर टाकायला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागं घसरली. ब्रेक लागेपर्यंत मागची बाजू दगडी कठड्यावर आदळली होती. म्हातारीचा पाय मध्ये होता.

ती ओरडली नाही. "आगं आई" एवढंच म्हणाली. लहान मुलीसारखं.

मागून एसटी आली. लोकांनी तिला उचलून आत घेतलं, दाजी तिच्याबरोबर गेले. मी गाडीजवळ राहिलो. एकटा. बॉनेट उघडलं. नळी लोंबत होती, तारेचे वेढे खाली सरकले होते. मी नळी परत खोचली, तार पिळली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. मी गाडी नगरला नेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी भिंतीला टेकून बसले होते. सदऱ्यावर आईचं रक्त. त्यांनी मान वर करून विचारलं, "इंजनाला काय झालं हुतं रं?"

मी म्हणालो, "लगेच चालू झालं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हो ना?

ते म्हणाले, "मंग माजंच चुकलं. माजाच पाय चुकला." तिथं मला बोलायला जागा होती. अगदी भरपूर जागा होती.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मीटर मी नंतर उतरवला. कुणी विचारलं नाही. जीप दाजींनी विकली. पुन्हा रानात राबू लागले. आईला पाठीवर घेऊन देवळात न्यायचे, कुणाच्या लग्नाला न्यायचे. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "हुयाचं ते हुतं, लेकरा." तिचं धुणंपुसणं, उठवणं-बसवणं ताईनं केलं, ती जाईपर्यंत. मी सणाला जायचो. ताई पुरणपोळी वाढायची. मी जेवायचो.

पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. मुलानं नवी गाडी घेतली, तेव्हा पूजेला ताई आणि दाजी आले होते. दाजी म्हातारे झाले होते. मुलानं कौतुकानं किल्ली पुढं केली — "आतोबा, पहिली चक्कर तुम्ही मारा. बाबा सांगतात, तुमचा हात फार चांगला होता."

दाजींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "न्हाई रं बाबा," ते म्हणाले. "म्या माज्या आईला —" आणि थांबले.

मी तिथंच होतो. माझ्या हातात नारळ होता. मी तो चाकापुढं फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. दाजींनाही दिला.