गोविंदानं फाडलेली लेबलं

बातमी आणि खोका एकाच सकाळी आले. जानेवारीत इथं अमेरिकेत नदीवरून असा वारा येतो की कान आहेत की गळून पडले ते हात लावून बघावं लागतं. म्हणून त्या दिवसांत मी आणि गोविंदा बिल्डिंगच्या खाली लॉबीतल्या बाकावरच बसायचो. मी नेहमीसारखा आधी येऊन बसलो होतो. सामान पोचवणाऱ्यानं एक खोका काउंटरपाशी ठेवला, त्यावर गोविंदाच्या मुलाचं, निखिलचं नाव. तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. थोड्या वेळानं निखिल बाहेरून आत आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बापूकाका, बाबा नाही राहिले. पहाटे हॉस्पिटलमध्ये... हार्ट अटॅक." मी बाकावरून उठायच्या आत त्याची नजर त्या खोक्यावर गेली. त्यानं तो काखेत मारला आणि लिफ्टकडे गेला. बाप गेल्याचं सांगितलं आणि खोका उचलला! त्यात काय होतं ते मला फोडून बघायची गरज नव्हती. आज इतके आठवडे झाले, गोविंदाचा चेहरा आठवायला बसतो आणि डोळ्यांसमोर तो खोकाच येतो.

मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड लिहितात. मी गोविंदाबद्दल चांगलंच लिहीन, पण ज्याच्यामुळे तो गेला त्याला सोडणार नाही. माझी सून प्राजक्ता म्हणाली, "बाबा, पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर सगळे वाचतील हो." म्हटलं, त्यासाठीच लिहितोय.

गोविंदा बार्शीचा. टॉकीजच्या दारात उभा राहून तिकिटं फाडण्यात त्याचा जन्म गेला. मी सोलापूरकडचा, ट्रक चालवायचो. आम्ही दोघंही शाळेच्या फार वाटेला गेलो नाही, आणि दोघांचीही पोरं शिकून इथं आली, मग आम्हाला बोलावून घेतलं. पहिल्यांदा तो मला जर्सी सिटीच्या ह्याच लॉबीत दिसला. हातात कसलीतरी जाहिरात होती. ती त्यानं मधोमध फाडली, अर्धी खिशात घातली, अर्धी माझ्या हातात दिली आणि मराठीत म्हणाला, "सांभाळा, इंटर्व्हलला बाहेर गेलात तर दाखवावी लागेल." मी मराठी आहे हे ह्याला कसं कळलं? विचारलं तर म्हणतो, "दाराशी उभा राहिलो सगळी हयात. माणूस कुठल्या गावचा आणि कुठल्या क्लासचा, चालीवरून सांगतो." कागद हातात आला की अर्धा फाडायचा, ही त्याची खोड मरेपर्यंत गेली नाही. सोसायटीची नोटीसही त्यानं एकदा फाडून मॅनेजरच्या हातात अर्धी दिली होती. तो गोरा माणूस अर्धा कागद धरून बघतच राहिला.

आता कार्डाचं सांगतो. इथं नोकरीवाल्यांच्या पगारातून टॅक्स कापायच्या आधीच थोडे पैसे वेगळे काढतात. ते फक्त दवापाण्याला वापरायचे, त्यासाठी एक कार्ड मिळतं. त्या कार्डावर दुकानातून मलम, पट्ट्या, तापाच्या गोळ्या, चष्मे, गरम पाण्याच्या पिशव्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं सगळं घेता येतं. पण वर्ष संपेपर्यंत नाही वापरले, तर निखिलच्या कंपनीत उरलेले पैसे बुडतात. त्यामुळे डिसेंबर आला की आमच्या बिल्डिंगमध्ये आपल्या लोकांच्या घरी खोक्यांची रीघ लागते, शेवटच्या दिवशी मागवलेलं जानेवारीतही येत राहतं. निम्मं सामान भारतात जाणाऱ्यांच्या बॅगेत जातं. बार्शीतल्या गोविंदाच्या भावकीकडे किती उन्हाची क्रीम गेली असेल, आणि बार्शीत उन्हाची क्रीम कोण लावतं?

एरवी वर्षभर निखिलला बापाकडे बघायला वेळ नसायचा. मॅनहॅटनला कामाला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. डिसेंबरात मात्र हातात फोन घेऊन बापाच्या पुढ्यात बसायचा. "बाबा, बोला लवकर, काय काय दुखतंय? कार्ड संपवायचंय." गोविंदा मला त्याची नक्कल करून दाखवायचा. म्हणायचा, "बापू, माझं दुखणं डिसेंबरात पिकतं बघ. मागच्या वर्षी पोरगं इतकं मागे लागलं की मी न दुखणारा गुडघाही दुखवला." आणि हसायचा. हसताना अलीकडं छातीवर हात ठेवायचा.

छातीतली जळजळ त्याला उन्हाळ्यात सुरू झाली. नदीकाठी चालताना थांबायचा, म्हणायचा, "दम घे जरा, ते समोरचं न्यूयॉर्क कुठं पळून चाललंय." मला कळायचं की दम त्याला घ्यायचाय. डावा हात झटकायचा. निखिलला त्यानं माझ्यासमोर, ह्याच बाकावर सांगितलं, "अरे, जरा डॉक्टरला दाखवू या का?" निखिल म्हणाला, "बाबा, ती ॲसिडिटी आहे. तुमचं तिखट बंद करा." दुसऱ्या दिवशी चघळायच्या गोळ्यांची मोठी डबी आली, फळांच्या वासाची. ऑक्टोबरात गोविंदानं पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "डिसेंबरात बघू बाबा, कार्डात किती उरतंय ते." आमच्यासारख्या नव्यानं आलेल्या म्हाताऱ्यांना सरकारी विमा पाच वर्षं मिळत नाही, डॉक्टरचं बिल म्हणजे पोरांच्या मानगुटीवर बसणं, हे आम्हा दोघांना पाठ होतं. गोविंदा मानी. तिसऱ्यांदा विचारलं नाही. डिसेंबर आला, आणि अजून डब्या आल्या.

तो त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायचा. डबी संपली की मला आणून द्यायचा, कारण मला सुपारी, मेथीचे दाणे, खिळे असलं ठेवायला डब्या लागतात. देताना डबीवरचं लेबल नखानं मधोमध फाडायचा. अर्धं डबीवर, अर्धं त्याच्या कोटाच्या खिशात. "जा आत," म्हणायचा, "पिक्चर सुरू झाला."

तो गेल्यावर निखिलनं खालच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटो, हार, समोसे. निखिल बोलायला उभा राहिला. म्हणाला, "बाबांना आम्ही इथं काही कमी पडू दिलं नाही. घरातच दवाखाना होता." लोकांनी माना डोलावल्या. मी समोसा न खाता उठलो. वर येताना लिफ्टमध्ये प्राजक्ताला म्हटलं, पोरानं निदान गोळ्या तरी आणल्या, डॉक्टरचा खर्च कुणाला झेपतो इथं. ती चमकून बघायला लागली. "बाबा, त्याच कार्डावर डॉक्टरचं बिलही देता येतं. मुख्य म्हणजे त्यासाठीच असतं ते."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं, मी आतच उभा... तेच कार्ड. गोळ्यांना चालत होतं तेच डॉक्टरच्या दारातही चाललं असतं. आम्ही दोघं अडाणी, आम्हाला वाटायचं ते दुकानाचं कार्ड आहे. निखिल काही अडाणी नव्हता.

मी तसाच खाली निखिलच्या मजल्यावर गेलो आणि त्याचं दार वाजवलं. विचारलं, "तुला माहीत होतं?" तो खुर्चीत बसला. म्हणाला, "काका, मी डिसेंबरात डॉक्टरकडे फोन केला होता. अपॉइंटमेंट फेब्रुवारीची मिळत होती. तोपर्यंत पैसे बुडाले असते, म्हणून..." मी म्हटलं, "म्हणून डब्या घेतल्यास." तो उठायला लागला. मी म्हटलं, "ऑक्टोबरात कुणाच्या बापाचे पैसे बुडत होते?" आणि निघून आलो.

त्या रविवारी मी सुपारी ओतून एक डबी रिकामी केली आणि सकाळी निखिलच्या दारासमोर पायपुसणीवर ठेवून आलो. पुढच्या रविवारी दुसरी. घंटी वाजवायची नाही, चिठ्ठी नाही, नुसती डबी. प्राजक्ता हात जोडायला लागली. "बाबा, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे आहेत." म्हटलं, असू देत, टोपी घालून जातो, फोटो चांगला येईल. म्हणाली, "त्याचाही बाप गेलाय हो." म्हटलं, त्याचा गेला, माझा दोस्त त्यानं मारला. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं : मी न्यायला पाहिजे होतं. सभेत माईकवर बोलला तसं नाही, माझ्या तोंडावर.

निखिल मला बघून जिन्यानं जायला लागला. बरं वाटायचं मला. लपवत नाही.

गेल्या रविवारी मी डबी ठेवून वळलो तर दार उघडलं. निखिल वाट बघत उभा होता. एका हातात माझ्या आधीच्या डब्या असलेली पिशवी. दुसऱ्या हातात कागदाचे तुकडे. "काका," म्हणाला, "बाबांचा कोट कुणाला तरी द्यायला काढला तर खिशात हे सापडलं. मला वाटलं कचरा. मग बघितलं तर तुमच्या डब्यांवर बरोबर बसतात. हे काय आहे?"

मी सांगितलं नाही. बापाबरोबर राहून ज्याला बापाची खोड माहीत नाही, त्याला मी का शिकवू? तो तिथंच उंबऱ्यावर बसला, खाली ठेवलेली डबी उचलून तिला एकेक तुकडा लावून बघायला लागला. एक बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मी न्यायला पाहिजे होतं." एवढंच. ज्याच्यासाठी मी इतके रविवार उठलो ते वाक्य. वाटलं होतं, ऐकल्यावर छाती निवेल. काही निवलं नाही. मी उभा, तो बसलेला, आणि गोविंदा नाहीच.

"अजून किती डब्या आहेत?" त्यानं विचारलं. "सगळ्या एकदम द्या ना काका. माझ्याकडे तुकडे उरलेत."

"मिळतील," म्हटलं, "एकेक. रविवारी."

बाकीच्या देईन. पण एक देणार नाही. माझ्या खिडकीत उभी आहे ती, गोविंदानं दिलेली शेवटची. तिच्यात काही भरलेलं नाही. झाकण उघडलं की अजून त्या गोळ्यांचा संत्र्याचा वास येतो, आणि कडेला लेबल त्याच्या नखानं फाडलेलं आहे, वाकडं, कारण त्या दिवशी त्याचा हात दुखत होता. तिचा दुसरा तुकडा निखिलकडे आहे. निखिल तो प्रत्येक डबीला लावून बघेल आणि तुकडा कुठंच बसणार नाही. बसू दे त्याला तसाच, तुकडा हातात धरून.