गौरीचा तेरडा

रोह्याचा नर्सरीवाला सखाराम स्वतःला झाडांचा डॉक्टर म्हणवून घ्यायचा. श्रावणभर त्याने कुंड्यांत उगवलेला तेरडा ‘मेलं रान माजलंय’ म्हणत उपटला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. गौरी आणायच्या दिवशी त्याची बायको रंभा म्हणाली, “गौरीला तेरडा आणा, मुळांसकट.” सखारामने अख्खी नर्सरी पालथी घातली. जास्वंदीचे सतरा रंग सापडले, तेरड्याचं एक पान नाय! ‘वा, डॉक्टर!’ असं स्वतःलाच म्हणत तो बाजारात गेला आणि फुलं विकणाऱ्या कृष्णाबाईकडून तेरड्याची जुडी विकत घेतली.

“कुठनं गो आणलास एवढा टवटवीत?”

कृष्णाबाई हसली. “तुमच्याच कुंपणामागं रुजलाय. पुढल्या वर्सालापण उपटून टाका हां, शेट!”