झाडे डॉक्टर गोड बोलले तेव्हा

समुद्रपूरच्या झाडे डॉक्टरांकडे पेशंटने आत पाऊल टाकलं, की पहिला प्रश्न यायचा, “काऊन आला?” ताप आहे म्हटलं, की ते जीभ बघायचे, नाडी बघायचे आणि गोळ्या पुढे सरकवायचे. “खाय. झोप. उगा येऊ नको.” नवा माणूस तोंड पाडून बाहेर यायचा. बाकावर बसलेले आम्ही जुने पेशंट त्याला विचारायचो, “खेकसले ना? मंग काई नाई झालं तुले!”

कारण गावाला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर खेकसले तर घरी जाऊन पोटभर जेवावं. गोड बोलले तर नातेवाइकांना बोलावून घ्यावं. शेजारच्या आजोबांना त्यांनी “या बाप्पा, बसा आरामात” म्हटलं, तेव्हा दाराबाहेर उभ्या असलेल्या सुनेने तिथेच पदर डोळ्यांना लावला होता. डॉक्टरांना मात्र याचा पत्ताच नव्हता. आपण सगळ्यांशी सारखंच बोलतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं.

मी इथल्याच शाळेत शिक्षिका. लहानपणापासून त्यांची बोलणी खाल्लेली. तीनेक वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. घरात कुणाला सांगायची हिंमत होईना. फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहिली गेली, तेव्हा एकटीच दवाखान्यात गेले. आज ते नाहीत आणि मी आहे. त्या दिवशी उलटंच होईल अशी माझी खात्री होती.

सिस्टरला जवळ उभं करून त्यांनी तपासलं. मी मनातल्या मनात घोकत होते, खेकसा, डॉक्टर, एकदा खेकसा.

“बस बेटा,” ते म्हणाले. “शाळा कशी चालली? आई बरी आहे ना? चहा सांगू?”

मी टेबलाची कड घट्ट धरली. “चहा नको, डॉक्टर. तुमी गोड बोलू नका. मले लय भेव वाटून राह्यलं.”

ते चमकले. हे त्यांना तोंडावर कुणी कधी सांगितलंच नसावं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“गाठ चांगली नाई वाटत मले,” ते म्हणाले. “उद्या वर्ध्याले जाय. ऑपरेशन करून काढा लागन. उशीर केला तर मरशील. आत्ता गेली तर बहुतेक वाचशील.”

इतकं उघडं बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण ते ऐकलं आणि सकाळची बस किती वाजता, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, आईला काय सांगायचं, हे सगळं डोक्यात यायला लागलं. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त आता काय करायचं ते कळलं होतं.

डॉक्टर वर्ध्याच्या एका सर्जनला फोन लावत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “भेव गेलं?”

“नाई.”

पलीकडे रिंग वाजत होती. फोन कानाशी तसाच धरून ते म्हणाले, “माहं बी नाई गेलं.”