डावीकडची पहिली कळ

सुमनअक्कांचा कीबोर्ड पाहून नवखा माणूस हसायचाच. डाव्या अर्ध्या भागातल्या कळांवर लाल, हिरव्या, काळ्या टिकल्या चिकटवलेल्या आणि उजवा अर्धा भाग धूळ खात पडलेला. टिकली झिजली की अक्का पर्समधून पाकीट काढायच्या, कळेवर नवी लावायच्या आणि एखादी स्वतःच्या कपाळालाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवा बाईनं टिकली लावावी का, असा प्रश्न कुणाच्या कपाळावरच्या आठीत दिसला, तर त्या आठीकडे बघत बघत अक्का आपली टिकली आणखी घट्ट दाबून बसवायच्या.

धुळ्याच्या एका गल्लीतली आमची प्रेस. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. अक्का मजकूर टाईप करायच्या, मी तो गणपती आणि वेलबुट्टीत बसवायचो. एका हिवाळ्यात अक्कांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. काही महिन्यांनी त्या रिक्षातून उतरल्या, पाय थोडा ओढत आत आल्या आणि सरळ आपल्या खुर्चीत बसल्या. मालकांना आम्ही नाना म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अक्का, आता गल्ल्यावर बसा. पगार तोच देईन."

"गल्लावर बसाले मी काय लक्ष्मी शे का, नाना?" अक्का म्हणाल्या. "मना एक हात गया, डोकं नही गयं."

प्रेसच्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, फुकट मिळणारं लिनक्स होतं, कारण नानांना चोरीचं सॉफ्टवेअर नको होतं आणि विकतचंही नको होतं. मी सहज बोलून गेलो की लिनक्समध्ये कीबोर्ड म्हणजे मजकुराची एक साधी फाईल असते. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर उमटेल, हे तिच्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं, आणि ते आपल्याला बदलता येतं. अक्कांनी ते वाक्य धरलं ते सोडलंच नाही. चहा झाला की, "भाऊ, ती फाईल उघड." जेवण झालं की, "भाऊ, ती फाईल उघड." सगळी अक्षरं डाव्या हाताखाली आणायची होती. कुठलं अक्षर लग्नपत्रिकेत पावलोपावली लागतं आणि कुठलं क्वचित, हे अक्कांच्या बोटांना पाठ होतं. रोजची अक्षरं त्यांनी हाताशी ठेवली. क्वचितची त्याच कळांवर दुसऱ्या मजल्यावर टाकली, आणि त्या मजल्यावर जायला करंगळीखालच्या कॅप्स लॉकचा जिना केला. कुठल्या कळेवर काय बसवलंय, ते ओळखायला रंगीत टिकल्या लावल्या. 'चि. सौ. कां.' एवढं सगळं दोन कळांत उमटायला लागलं, त्या दिवशी अक्कांनी मला त्यांच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला लावली.

मग व्हायचं ते झालं. मधूनमधून उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरांना वैतागून अक्कांनी इंग्रजी कीबोर्डच काढून टाकला. सकाळी मशीन सुरू केलं तर पासवर्ड इंग्रजी आणि कीबोर्ड मराठी! दारात लग्नघरची माणसं, आणि आम्ही आमच्याच मशीनबाहेर. नाना डोक्याला हात लावून म्हणाले, "तरी मी सांगत होतो!" लिनक्समध्ये नुसत्या लेखी हुकमांचा एक काळा पडदा असतो, तिथे कीबोर्ड अजून इंग्रजीच होता; मी त्या मागच्या दारानं आत शिरलो आणि इंग्रजी परत आणलं. अक्कांनी माफीबिफी काही मागितली नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढे जासू, पन आते मांगलं दार उघडं ठेईसन." त्यानंतर प्रत्येक बदलाआधी त्या जुन्या फाईलची प्रत ठेवायला लागल्या. ती सवय मला त्यांनीच लावली.

खरी लढाई मात्र फाईलशी नव्हती. एरंडोलहून एक गृहस्थ मुलीची पत्रिका करायला आले. मोठं काम होतं. ते अक्कांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, डावा हात चालताना पाहिला आणि चुळबुळायला लागले. शेवटी उठून नानांकडे गेले. "नाना, शुभकार्य शे. गणपतीचं नाव डाव्या हातानं नको."

नाना अक्कांजवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्का, वरची एक ओळ भाऊला करू द्या. बाकी सगळी पत्रिका तुमचीच."

अक्कांनी हात थांबवला. "हाई ओळ मी दुसराले देवाव नही. करसू ते बठ्ठी पत्रिका करसू, नहीते एक अक्षर नही." मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "पद्मालयले जातस ना तुम्ही?"

"दर वर्षी जातो."

"तठे दोन गणपती शेत. एकनी सोंड उजवी, दुसरानी डावी. मंग डावी सोंडवालाले तुम्ही पाठ दखाडतस का?"

गृहस्थांना ते पटलं नाहीच. पटवून घ्यायचं नसलं की पद्मालयाचा गणपतीसुद्धा कमी पडतो. मजकुराचा कागद घडी करून ते दुसऱ्या प्रेसकडे चालते झाले. नाना भडकले. उद्यापासून घरी बसा, असं म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "काढानं व्हई ते काढा. पन मना हातले नाव ठेवीसन नका काढू." रागानं नानांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी अक्कांना काढलं नाही. मला त्या क्षणी अक्कांचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या त्याच, "भाऊ, फाईल उघड," म्हणत. कीबोर्डच्या डाव्या टोकाला, एस्केपच्या खाली एक कळ असते. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. अक्कांनी तिच्यावर '॥ श्री गणेशाय नमः ॥' ही अख्खी ओळ बसवली आणि वर सगळ्यात मोठी, लालभडक टिकली लावली. तिच्या डावीकडे कीबोर्डच नव्हता, नाहीतर आणखी डावीकडे सरकल्या असत्या. तेव्हापासून आमच्या प्रेसची प्रत्येक पत्रिका त्या कळेनं सुरू झाली. कुठकुठच्या देव्हाऱ्यांपुढे त्या पत्रिका ठेवल्या गेल्या, आणि कुठल्याच देवानं तक्रार केली नाही.

दुसऱ्या झटक्यात अक्का गेल्या. नानांनी नवं मशीन घेतलं, नवा ऑपरेटर ठेवला. अक्कांची फाईल मात्र मी माझ्या मशीनवर उतरवून घेतली होती. यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका करायला बसलो. दोन्ही हात धडधाकट असताना मी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातानं ती टोकाची कळ दाबली. पुढचा सगळा मजकूरही तसाच केला. वेळ लागला, बोटं दुखली, अक्कांची फार आठवण आली.

पत्रिका घेऊन भुसावळला व्याह्यांकडे गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "झकास झाली. कुणी केली?"

"मीच," म्हणालो, "डाव्या हातानं." आणि त्यांच्या कपाळावर आठी पडते का, ते बघत उभा राहिलो.